धावत्या वर्गणीचं कूळ

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या घरून पिठलं-भात येतो आणि कुणीतरी वडीलधारी बाई सगळ्यांना बळेबळेच दोन घास खायला लावते. भेटायला आलेला माणूस उठताना ‘येतो’ म्हणत नाही, मुकाट्याने चपला घालतो. पुढे दहावा, तेरावा, दुखवट्याचे कपडे. जातीगणिक, गावागणिक तपशील बदलतो, पण एक रीत सगळीकडे सारखी आहे: ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याने तोंडाने काही मागायचं नाही. धावपळ करायची, पैसे जमवायचे ते भाऊबंदांनी, आळीने, मंडळाने. कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्यांनी तीच रीत कागदावर आणून तिला ‘मयत फंड’ म्हटलं. तिथेही अर्ज आणून देतो तो ऑफिसातला सहकारी. घरच्यांनी फक्त सही करायची.

परोपकारासाठी धावण्याची शर्यत, म्हणजे आपण जिला ‘चॅरिटी रन’ म्हणतो ती, या रीतीच्या बरोबर उलट्या टोकाला आहे. तिथे गेलेल्याची आई, मुलगा किंवा बहीण स्वतः छातीवर क्रमांक लावते, पाठीवर फोटो छापून घेते आणि ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला सांगते, मी इतके किलोमीटर धावणार आहे, तुम्ही पैसे द्या. इंग्लंडात पोरक्या मुलांना आणि मूल गमावलेल्या आईबापांना आधार देणाऱ्या संस्थांच्या जमेत अशा धावणाऱ्यांचा मोठा हात असतो. विधवा आणि त्यांच्या मुलांसाठी ‘क्रूझ’ ही संस्था 1959 मध्ये निघाली, ‘विन्स्टन्स विश’ 1992 मध्ये. सांत्वनाचं काम आळीकडून संस्थेकडे गेलं, की समुपदेशकाचा पगार आणि खोलीचं भाडं कुठून तरी उभं करावंच लागतं.

श्रम करून वर्गणी मागायची युक्ती मात्र या संस्थांच्याही आधीची. 1953 मध्ये पोर्तो रिकोतला ‘डिप्लो’ नावाने गाजलेला विनोदी नट कर्करोगाच्या निधीसाठी सान हुआनहून पोन्सेपर्यंत चालत गेला. अंतर सुमारे 80 मैल. वाटेत लोक पैसे देत गेले. 1967 मध्ये कॅनडात शाळकरी पोरं मैलामागे ठरावीक पैशांचं वचन घेऊन रस्त्यावर उतरली. इथे हिशोब बसला: इतके मैल, इतके पैसे. देणाऱ्याला वाटतं आपण कष्टाचं मोल दिलं, घेणाऱ्याला वाटतं आपण फुकट घेतलं नाही. भिडस्त माणसाला मागता यावं म्हणून याहून सोयीची व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

पण शोकाचा धागा या कुळात आला तो टेरी फॉक्समुळे, आणि खरं तर त्याच्या आईमुळे. हाडाच्या कर्करोगाने 1977 मध्ये या मुलाचा उजवा पाय मांडीतून कापावा लागला. 12 एप्रिल 1980 ला तो कृत्रिम पायावर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, म्हणजे 42 किलोमीटर. मागणी एकच, देशातल्या माणशी एक डॉलर. 143 दिवस आणि 5,373 किलोमीटर झाल्यावर, 1 सप्टेंबरला, कर्करोग फुप्फुसात उतरल्यामुळे त्याला थांबावं लागलं. पुढच्या फेब्रुवारीत निधी 2 कोटी 40 लाख डॉलरच्या वर गेला आणि माणशी डॉलर खरोखरच जमला. जूनमध्ये टेरी गेला. वय 22.

आई बेटी फॉक्स हिला हा बेत सुरुवातीला शुद्ध वेडेपणा वाटला होता. मुलगा गेल्यावर पुढची तीस वर्षं तीच शाळाशाळांतून बोलत फिरली. 13 सप्टेंबर 1981 च्या पहिल्या ‘टेरी फॉक्स रन’मध्ये तीन लाख माणसं उतरली, आणि टेरीच्या अटी घरच्यांनी हट्टाने पाळल्या: क्रमांक काढायचे नाहीत, प्रवेशशुल्क नाही, कंपन्यांच्या जाहिराती नाहीत. ही दौड मुंबईतही झाली आणि तिचा पैसा टाटा मेमोरियलमधल्या संशोधनाला गेला. हल्लीच्या शर्यतींचे टी-शर्ट पुढून-मागून जाहिरातींनी भरलेले असतात, ते पाहून मला या बाईची आठवण होते. तिने ते चालू दिलं नसतं.

पुढचा टप्पा व्यवहाराचा, तो भराभर सांगून टाकतो. लंडन मॅरेथॉन 1981 मध्ये सुरू झाली. 1988 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका बापाने, ब्रूस क्लीलँडने, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलीसाठी 38 जणांची तुकडी न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये उतरवली. तीन लाख बावीस हजार डॉलर जमले आणि सराव करवून घेऊन त्या बदल्यात निधी जमवायला लावणारी पद्धत रूढ झाली. 15 फेब्रुवारी 2004 ला मुंबई मॅरेथॉनची पहिली खेप झाली. पुढे निधीचं काम ‘युनायटेड वे मुंबई’कडे आलं, आणि सहाएक किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये फलक घेऊन चालणारी मंडळी दर जानेवारीत दिसू लागली. इथे एक गफलत सर्रास होते. लोक प्रवेशशुल्क भरतात आणि समजतात की दान झालं. शुल्क जातं पाणी, बंदोबस्त, पदक यांत. संस्थेच्या नावाने वेगळी पावती फाटली, तरच ते दान.

आता घराकडे वळू. पनवेलहून गोव्याकडे निघालं की पळस्पे फाटा लागतो, मग शिरढोण, मग कर्नाळ्याचा सुळका. आणखी खाली पेण तालुक्यातलं गागोदे. तिथे 1895 मध्ये विनोबा जन्मले. चालून मागण्याची जगातली सर्वांत मोठी मोहीम याच माणसाची. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दानात पहिली शंभर एकर जमीन मिळाली आणि पुढे सुमारे तेरा वर्षं ते चालत राहिले. ते म्हणत, मला घरातला सहावा मुलगा समजा आणि माझी वाटणी द्या. मैलांचा हिशोब त्यांनी कधीच मांडला नाही. पायपीट त्यांच्या लेखी साधना होती, वारकऱ्याची असते तशी. पायी चाललं म्हणून पैसे मागायचे, हे आपल्याकडे कुणाला सुचलं नाही, कारण चालण्याचं पुण्य आधीच देवाच्या खात्यावर जमा झालेलं होतं.

शिरढोणची गोष्ट याहून कडू. इथले वासुदेव बळवंत फडके (जन्म 4 नोव्हेंबर 1845) पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. 1870 च्या सुमारास आई सरस्वतीबाई शिरढोणला अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. रजा वेळेवर मिळाली नाही. घाट उतरून ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तीही नाकारली गेली. ते रजेवाचूनच गेले. त्यांच्या चरित्रात हा प्रसंग इंग्रज सरकारविरुद्धच्या त्यांच्या बंडाची ठिणगी म्हणून सांगतात. पुढच्या दुष्काळाने आणि सरकारच्या बेपर्वाईने बाकीचं काम केलं, हे खरं. तरी आईच्या दिवसांना मुलाने हजर राहावं की नाही हे साहेबाने ठरवायचं, हा अपमान लहान नव्हता.

बंडासाठी निधी त्यांनाही हवा होता. धनिकांकडे मागून पाहिलं, कुणी दाद दिली नाही. मग रामोश्यांना बरोबर घेऊन सावकारांवर धाडी. मे 1879 मध्ये दौलतराव रामोश्याच्या टोळीने थेट पळस्पे आणि चिखली लुटली, म्हणजे फडक्यांच्या गावची वेसच. सुमारे दीड लाखाचा ऐवज घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठलं आणि दौलतराव गोळीने पडले. त्याच वर्षी फडके पकडले गेले. जन्मठेप भोगायला त्यांना एडनला पाठवलं. तिथल्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले, पुन्हा सापडले, आणि अन्न सोडून 17 फेब्रुवारी 1883 ला गेले.

आता पुन्हा मयताच्या घरी. तेराव्यानंतर आपल्याकडे नातेवाईक पांगतात. पिठलं-भात आणणारी शेजारीण आपल्या कामाला लागते. घरच्यांचे अवघड महिने तिथून पुढे सुरू होतात: विम्याचे कागद, वारस दाखला, मुलाची फी, आणि रात्री कुणाशी बोलायचं हा प्रश्न. 2015 मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांना पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश गावोगाव जाऊन दिले आणि त्यातून ‘नाम फाउंडेशन’ उभं राहिलं. तिथेही जुनीच रीत पाळली गेली. बाईने मागितलं नव्हतं, दुसऱ्यांनी तिच्यासाठी मागितलं. शर्यत मागण्याची सूत्रं तिच्या हाती देते. तिला सकाळी उठायला कारण मिळतं, नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायची मुभा मिळते, आणि पैसे मागताना मान खाली घालावी लागत नाही. आमच्याकडच्या कित्येक वडीलधाऱ्यांना हे अजून रुचणार नाही. फोटो छापलेला शर्ट घालून सूनबाई पळते म्हटल्यावर गावात काय चर्चा होईल, हे सांगायला नको. मला तरी त्यात मयताचा अपमान दिसत नाही.

रजेचा प्रश्न मात्र शर्यतीने सुटलेला नाही. इंग्लंडात एका आईने बाळ गमावल्यावर दहा वर्षं पाठपुरावा केला, आणि एप्रिल 2020 पासून अठरा वर्षांखालचं मूल गमावलेल्या नोकरदार आईबापांना दोन आठवड्यांच्या रजेचा कायदेशीर हक्क मिळाला. आपल्याकडे खासगी नोकरीत अशी सर्वसाधारण सक्ती नाही. दहाव्याला गावी जायचं तर किरकोळ रजेतून दिवस कापून घ्यायचे, आणि त्या संपल्या असतील तर साहेबाला विचारायचं.