सॉफ्टबॉलचं पिचिंग कसं शिकायचं? चाळीतला अंडरआर्म किती उपयोगी पडतो?

गिरगावच्या वाडीत किंवा लालबाग-परळच्या चाळीत क्रिकेट खेळलेल्यांना अंडरआर्म वेगळा शिकवावा लागत नाही. जागा अरुंद, दोन्ही बाजूंना खिडक्या, त्यामुळे बॉल हात खालून नेऊनच टाकायचा आणि थेट खिडकीत गेला तर बॅट्समन आउट, हे नियम तिथली मुलं आपोआप शिकतात. सॉफ्टबॉलमध्येही पिचर हात खालूनच फेकतो. मग चाळीत खेळलेलं मूल लगेच पिचर होऊ शकतं का? अर्धं उत्तर 'हो' आहे. उरलेलं अर्धं न शिकता वेगाच्या मागे लागलं, तर खांदा दुखावतो.

खेळ काय आहे?

सॉफ्टबॉलचा जन्म 1887 मध्ये शिकागोत, बेसबॉलचा बंदिस्त जागेतला प्रकार म्हणून झाला. महिलांचा सॉफ्टबॉल 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये आला. 2008 नंतर तो वगळला गेला, टोकियोत परतला आणि आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आहे. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ खेळला जातो.

प्रत्येक चेंडूची सुरुवात पिचरपासून होते. बॅटरचे तीन स्ट्राइक झाले की तो बाद. चार बॉल, म्हणजे स्ट्राइक झोनबाहेरच्या चार फेकी पडल्या, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. म्हणून नवशिक्या पिचरचा पहिला शत्रू बॅटर नसतो. तो असतो स्वतःची दिशाहीन फेक.

चाळीतला अंडरआर्म आणि पिचिंग यांत फरक काय?

पहिला फरक टप्प्याचा. चाळीत बॉल टप्पा पडून जातो. सॉफ्टबॉलमध्ये तो हवेतूनच, 43 सेंटिमीटर रुंद होम प्लेटवरून, बॅटरच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या उंचीत जायला हवा.

दुसरा फरक वजनाचा. टेनिस बॉल साधारण 58 ग्रॅमचा असतो. 12 इंच घेराचा सॉफ्टबॉल सुमारे 180 ते 200 ग्रॅमचा, म्हणजे तिपटीहून जड आणि क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षाही मोठा.

तिसरा फरक अंतराचा. महिलांच्या खेळात पिचर 43 फुटांवरून, म्हणजे सुमारे 13 मीटरवरून फेकते. पुरुषांसाठी हे अंतर 46 फूट आहे. क्रिकेटची खेळपट्टी 20 मीटरची असते. त्यामुळे चांगल्या पिचरचा चेंडू बॅटरपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो.

चौथा फरक हाताच्या फिरण्याचा. चाळीत हात मागे नेऊन पुढे आणला की झालं. पिचिंगच्या 'विंडमिल' पद्धतीत हात पवनचक्कीसारखा डोक्यावरून पूर्ण गोल फिरतो आणि चेंडू कमरेजवळ सुटतो. हात दोनदा गोल फिरवता येत नाही. सुरुवातीला पाय पिचर्स प्लेटला लागलेला हवा आणि दोन्ही हात एकत्र आणून क्षणभर थांबावं लागतं.

शिकायचा क्रम कोणता?

बहुतेक मुलं आधी हात जोरात फिरवायला लागतात. क्रम उलटा हवा, म्हणजे शेवटापासून सुरुवातीकडे.

1. पकड आणि मनगट: चेंडू तळव्यात न दाबता बोटांच्या टोकांवर, शिवणीवर धरा. दोन-तीन मीटरवरून, हात न फिरवता, फक्त मनगटाच्या झटक्याने फेका. हा सराव घरातही होतो. मोज्यांचा गोळा करून टांगलेल्या चादरीवर फेकला तरी चालतो. पावसाळ्यात मैदानात चिखल असताना याचा विशेष उपयोग होतो.

2. अर्धं वर्तुळ: शरीर लक्ष्याला आडवं ठेवून हात डोक्यावरून खाली आणा आणि कमरेजवळ चेंडू सोडा.

3. पूर्ण वर्तुळ: हात सैल ठेवा. खांदा आवळला की वेग वाढत नाही, उलट कमी होतो.

4. पाऊल: उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा पाय लक्ष्याच्या दिशेने पुढे टाकायचा. जमिनीवर खडूने सरळ रेघ मारा. पाऊल रेघेवर पडतंय का आणि हात त्याच रेषेत फिरतोय का, हे लगेच दिसतं.

5. अंतर: जवळून दिशा जमली की एकेक पाऊल मागे सरका. लहान मुलांनी थेट 43 फुटांवरून सुरुवात करू नये. अमेरिकेत 10 वर्षांखालच्या मुली साधारण 35 फुटांवरून, 11 इंच घेराच्या चेंडूने खेळतात.

चूक कशी ओळखायची?

चेंडू उंच जात असेल तर तो उशिरा सुटतोय. जमिनीवर आपटत असेल तर लवकर सुटतोय. डावी-उजवीकडे भरकटत असेल तर हात किंवा पाऊल रेषेबाहेर गेलंय. दोष कळला की वेग कमी करून तेवढाच भाग दुरुस्त करा.

अंडरआर्ममुळे खांदा दुखत नाही, हे खरं का?

हा मोठा गैरसमज आहे. हात खालून येतो म्हणून कितीही फेकलं तरी चालतं, असं मानलं जातं. पण विंडमिल पिचिंगमध्ये खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या पिचिंगशी तुलना करावी इतका असतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास पुरे. फेकण्याआधी अंग गरम करा. खांद्यात, कोपरात किंवा दंडाच्या पुढच्या बाजूला दुखलं तर थांबा. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

जागा कुठे शोधायची?

दादरचं शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान इथे क्रिकेटची गर्दी असते. पण पिचिंगला अख्खं मैदान लागत नाही. पंधरा-सोळा मीटरची मोकळी पट्टी आणि ग्लोव्ह घातलेला एक कॅचर पुरतो. चाळीच्या अंगणात मात्र खरा सॉफ्टबॉल वापरू नका. नावात 'सॉफ्ट' असला तरी तो कडक असतो. खिडकी फुटेल आणि माणसालाही लागेल. तिथे टेनिस बॉलवर मनगट आणि दिशा पक्की करा. जड चेंडू मैदानासाठी ठेवा.