गळती नव्हे, साचणं : संगणकाच्या स्मृतीचा एक छोटा इतिहास

आज आपण एका बिघाडाचा इतिहास बघणार आहोत. समजा, हवामानाचा अभ्यास करणारी एखादी संशोधक रात्री संगणकाला काम लावून झोपते. हजार फाइली आहेत, प्रत्येकीचा एक नकाशा काढून साठवायचा आहे. पहिले शंभर नकाशे झरझर निघतात. मग संगणक मंदावतो आणि पहाटे कधीतरी प्रोग्राम बंद पडतो. आकड्यांत चूक नाही, सूत्रात चूक नाही. जागा संपली, एवढंच. याला म्हणतात मेमरी लीक, म्हणजे स्मृतीची गळती.

हा शब्द थोडा फसवा आहे, बरं का. नळ गळतो तेव्हा पाणी बाहेर जातं. इथे बाहेर काहीच जात नाही. नको झालेलं आतच साचत राहतं. गळते ती मोकळी जागा. आपल्या घरातला माळा आठवा. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत आपण वस्तू वर टाकतो आणि एक दिवस माळ्यावर सुतळीसुद्धा मावत नाही.

मग टाकून काय द्यायचं, हे ठरवायचं कोणी? या प्रश्नाची दोन उत्तरं १९६० या एकाच वर्षी छापून आली. लिस्प भाषेचे जनक जॉन मॅकार्थी यांचं उत्तर असं : प्रोग्रामच्या हातात जे आहे तिथून निघा, एकातून दुसऱ्याकडे जात राहा. जिथवर पोचता येतं ते ठेवा, बाकीचं झाडून टाका. जॉर्ज कॉलिन्स यांचं उत्तर वेगळं होतं. प्रत्येक वस्तूला किती जणांनी धरलंय याचा आकडा तिच्यावरच लिहा. आकडा शून्य झाला की जागा मोकळी. उत्तर सुटसुटीत खरं, पण १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकबेथ यांनी त्यातली खोच दाखवली. दोन वस्तूंनी एकमेकींनाच धरलं, तर बाहेरच्या कोणालाही त्या नको असल्या तरी आकडा शून्यावर येतच नाही.

१९७० च्या दशकात आलेल्या सी भाषेनं तिसरा मार्ग धरला. जागा तुम्हीच मागा, तुम्हीच परत करा. वेग मिळाला, पण विसरण्याची जबाबदारी माणसावर आली आणि माणूस नेमकं तेच विसरतो!

आता चित्रांकडे येऊ. १९९३ मध्ये श्रोडर, मार्टिन आणि लॉरेन्सन यांनी व्हीटीके हे वैज्ञानिक चित्रणाचं साधन लिहायला घेतलं. त्यात कॉलिन्स यांची मोजणी आहे, म्हणून मॅकबेथ यांचा पेचही आला. त्यावर उपाय म्हणून पुढे त्यात एकमेकांना धरून बसलेल्या वस्तू शोधणारा वेगळा भाग घालावा लागला. शिवाय, प्रोग्राम संपताना कोणत्या वस्तू मागे राहिल्या याची यादी देणारी सोयही त्यात आहे.

दुसरं साधन मॅटप्लॉटलिब. मेंदूतल्या विद्युत नोंदी बघता याव्यात म्हणून जॉन हंटर या मेंदूशास्त्राच्या अभ्यासकानं ते लिहिलं. २००३ मध्ये ते लोकांपुढे आलं. ते पायथन भाषेत चालतं आणि प्रचलित पायथनमध्ये मोजणी आहे, चक्रं शोधणारा झाडूही आहे. म्हणजे १९६० ची दोन्ही उत्तरं हाताशी. तरीही नकाशे साचतात. का बरं?

कारण सोयीत दडलंय. मॅटप्लॉटलिबच्या पायप्लॉट या भागात ‘रेघ काढ’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. कोणत्या चित्रावर, हे सांगावं लागत नाही. त्यासाठी पायप्लॉट उघडलेल्या प्रत्येक चित्राची नोंद स्वतःकडे ठेवतं. चित्र फाइलीत साठवलं म्हणजे काम संपलं, असं आपल्याला वाटतं. यादीच्या लेखी ते चित्र उघडंच असतं. हिशेब करा. १९२० गुणिले १०८० ठिपके, दर ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट. हजार चित्रांना ८३० कोटी, तेही मूळ आकडेवारी न धरता. वीसपेक्षा जास्त चित्रं उघडी राहिली की मॅटप्लॉटलिब इशारा देतं. आपण तो वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग शोध कसा घ्यायचा? आधी वाढ कोणत्या जातीची आहे ते बघा. सुरुवातीला जागा वाढून स्थिरावली, तर ती बहुधा गळती नव्हे. दर शंभर फेऱ्यांनी मोजा. सारखी चढत असेल तर संशय घ्या. मग प्रोग्रामचा एकेक तुकडा बंद करून बघा. पायथनमध्ये २०१४ पासून ट्रेसमॅलॉक आहे. ते दोन क्षणांची तुलना करून जागा कोणत्या ओळीनं घेतली ते सांगतं. सी भाषेतल्या भागाची जागा मात्र त्याला सहसा दिसत नाही. तिथे वॅलग्राइंडसारखं साधन लागतं. आमच्या उदाहरणातला उपाय एका ओळीचा आहे : साठवून झालं की चित्र बंद करा.

उपाय एवढासा आहे, मग इतका इतिहास कशाला? कारण या साऱ्या यंत्रणा एकच प्रश्न विचारतात : ‘या वस्तूपर्यंत अजून पोचता येतं का?’ आपला प्रश्न असतो : ‘ही वस्तू अजून हवी आहे का?’ हे दोन प्रश्न एक नाहीत. पहिल्याचं उत्तर मोजून मिळतं. दुसरं हेतूवर अवलंबून आहे आणि हेतू त्या संशोधकाच्या मनात आहे, संगणकाच्या स्मृतीत नाही. यंत्र झाडू मारील. माळ्यावरचं काय नको, हे घरच्यांनाच सांगावं लागतं.