मलिक अंबराची पाहणी आणि शेअरचे मोल

१/ १६२६ मध्ये निवर्तलेल्या मलिक अंबराची कबर खुलताबादेत आहे. या निजामशाही वजिराने मक्तेदारी मोडली आणि जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरवला.

२/ मक्तेदाराच्या बोलीचा जमिनीच्या उत्पन्नाशी मेळ असेलच असे नव्हे. चढ्या बोलीचा भार अखेर रयतेवर पडे.

३/ १९३८ मध्ये जॉन बर विल्यम्स यांनी शेअरलाही उत्पन्नाचीच कसोटी लावली : पुढे मिळणाऱ्या लाभांशाचे आजचे मूल्य, तेच शेअरचे मोल. १९७९ च्या व्हिसिकॅल्कपासून अशी आकडेमोड घरच्या संगणकावर होऊ लागली.

४/ आज मूल्यांकनाचे सॉफ्टवेअर उघडणाऱ्या नवख्याने आधी कंपनीचे उत्पन्न आणि कर्ज तपासावे. वाढीचा दर जपून भरावा. फुगवलेला दर ही मक्तेदाराचीच बोली. फक्त तिचा भार इथे स्वतःलाच वाहावा लागतो.