लग्नाच्या दाखल्यावरचा व्यवसाय

परवा ताई आपल्या नातवाच्या लग्नासाठी माहितीपत्रक लिहायला बसली. नाव, गोत्र, उंची, पगार असे भराभर लिहून झाले आणि 'शिक्षण' या रकान्यापाशी तिची लेखणी अडली. "अरे, इथे काय लिहू?" तिने मला विचारले. पोरगा सात वर्षे संगणकाचे प्रोग्राम लिहितो आहे. आमच्या घराण्यात आजवर कुणी मिळवला नसेल एवढा पगार मिळवतो आहे. पण वडील वारले आणि इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष संपवून त्याने कॉलेज सोडले ते सोडलेच. पदवीधर लिहावे तर खोटे, आणि बारावी लिहावे तर पत्रिका पाहण्याआधीच नकार!

मला त्या क्षणी ॲम्स्टरडॅममधले एक लग्न आठवले. 1957 साली एड्स्गर डाइक्स्ट्रा यांचा विवाह झाला. तिथल्या रिवाजाप्रमाणे वराला आपला व्यवसाय सांगावा लागे. त्यांनी 'प्रोग्रामर' असे सांगितले. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी ते मानले नाही. असा व्यवसायच नाही म्हणे! शेवटी दाखल्यावर 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असे लागले. ही हकीकत त्यांनी स्वतःच 1972 साली ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितली आहे.

अधिकाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण हीच शंका काही वर्षे आधी खुद्द डाइक्स्ट्रांच्या मनात होती. ते लायडनला भौतिकशास्त्र शिकत होते आणि 1952 पासून ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्राम लिहीत होते. सुमारे तीन वर्षांनी त्यांच्या मनात आले, हे एक पाऊल इथे आणि एक तिथे किती दिवस चालणार? यंत्र बांधणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांचे ज्ञान कोणते असे कुणी विचारले, तर निर्वात नळ्यांकडे बोट दाखवता येई. प्रोग्राम लिहिणाऱ्याने काय दाखवायचे? ते आपले वरिष्ठ व्हान वाइनगार्डन यांच्याकडे गेले. वरिष्ठांनी शंका मान्य केली आणि सांगितले की, संगणक आता राहणारच. या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांपैकी तुम्हीच एक का होऊ नये? डाइक्स्ट्रा काही तासांनी खोलीबाहेर पडले ते वेगळे होऊनच. भौतिकशास्त्राची पदवी मात्र त्यांनी शक्य तितक्या लवकर पदरात पाडून घेतली. शहाणा माणूस!

त्या काळी या विषयाची पदवी आणायची तरी कुठून? केंब्रिजने 1953 साली एका वर्षाची पदविका सुरू केली. अमेरिकेत संगणकशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो 1962 साली. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हे यंत्र 1960 साली कामाला लागले; ते बांधणाऱ्या चमूचे प्रमुख आर. नरसिंहन गणिताचे डॉक्टर होते. म्हणजे ज्यांनी हे शास्त्र उभे केले, त्यांच्यापाशी या शास्त्राची पदवी असणे शक्यच नव्हते. मीदेखील 1971 साली गणित घेऊन बी.एस्सी. झालो आणि मुंबईतल्या एका कचेरीच्या संगणक विभागात लागलो, तो आकृत्यांची नि आकड्यांची कोडी सोडवून. माझी पदवी पहिल्या दिवशी कुणी उलगडून पाहिली असेल तेवढीच.

मग आज हा कागद एवढा जड का झाला? नातवाकडूनच एक कारण कळले. त्याच्या कंपनीला त्याला अमेरिकेत पाठवायचे आहे. 1990 साली तिथे झालेल्या कायद्यातून जो एच-वन-बी परवाना आला, त्याला पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. ती तोड मोजण्याची एक रीत अशी, की कॉलेजचे जेवढे वर्ष उणे, त्या प्रत्येकी तीन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवायचा. पोराची तीन वर्षे उणी. म्हणजे नऊ वर्षे हवीत, आणि गाठीला सातच! ज्या अधिकाऱ्याला त्याने लिहिलेली एक ओळही वाचता येणार नाही, त्याला पदवी मात्र वाचता येते. मुलीच्या बापाचेही तसेच. यात मला त्या दोघांचा फारसा दोष दिसत नाही.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पोराचे काम माल पोचवणाऱ्या गाड्यांचे रस्ते ठरवण्याचे, आणि त्याच्या मुळाशी डाइक्स्ट्रांचीच कमीत कमी अंतराची रीत आहे. ती त्यांना 1956 साली ॲम्स्टरडॅममध्ये भावी पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर, कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिलीवाचून वीसेक मिनिटांत सुचली. मी त्याला सहज विचारले, "एखाद्या रस्त्याचा खर्च उणे असला, तर ही रीत चालते का रे?"

तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "नाही चालत, आबा. आम्ही एकदा सवलतीची रक्कम उणे खर्च म्हणून घातली होती. गाड्या भलत्याच रस्त्यांनी निघाल्या. चूक सापडायला दोन रात्री गेल्या."

संगणकशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट अर्ध्या तासात सांगतात. (मागच्या बाकावर झोपणाऱ्यालाही सांगतात; पदवी त्यालाही मिळते, हा भाग निराळा.) दाखवायला हाती काही नाही म्हणून डाइक्स्ट्रा खंतावले होते, ते दाखवण्याजोगे ज्ञान पुढे त्यांनी नि त्यांच्या पिढीने जमवले, आणि आमचा पोरगा त्याला दोन रात्री उशिरा भेटला. दाखल्यावरचा शिक्का नसल्याचे मला त्याच्याइतकेच वाईट वाटते. पण त्या दोन रात्रींचे अधिक वाटले. मी ते बोलून दाखवले. तो हसला, रागावला नाही.

धनत्रयोदशीला त्याने मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरायला घेतला. त्यात 'व्यवसाय' असाही रकाना होता. त्याने 'प्रोग्रामर' लिहिले आणि पुढच्या ओळीकडे वळला. ताईने चष्मा लावून ते पाहिले, आपले पत्रक पुढे ओढले, 'शिक्षण' या शब्दापुढे 'चालू आहे' असे लिहिले आणि चकल्या तळायला उठली.