शिसं, लिथियम आणि शंभर टक्के

हेन्री फोर्डच्या कारखान्यातून मॉडेल टीच्या गाड्या धडाधड बाहेर पडत होत्या, त्याच काळात त्याची पत्नी क्लारा मात्र विजेवर चालणारी १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक फिरवत असे. हँडल मारायला नको, धूर नको, खडखडाट नको. उस्तवार होती ती बॅटरीची.

बॅटरी शिशाची, आणि शिशाचा स्वभाव हट्टी. ती रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि मग ती वीज घेईनाशी होते. म्हणून गाडी फिरून आली की चार्जिंगला लावायची. एकेका सेलचं झाकण उघडायचं, हायड्रोमीटरच्या रबरी फुग्याने अ‍ॅसिड वर ओढायचं आणि आतली काचेची नळी किती तरंगते ते पाहायचं. अ‍ॅसिडच्या सापेक्ष घनतेचा आकडा १.२८ च्या आसपास आला की सेल भरला. पाणी उतरलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर. अधूनमधून मुद्दाम जास्त वेळ चार्जिंग करून मागे पडलेले सेल बरोबरीला आणायचे. घरच्या एसी विजेची डीसी करायला पाऱ्याचा रेक्टिफायर. त्याच्या काचेच्या फुग्यातून रात्रभर निळसर-हिरवा उजेड गॅरेजभर पसरे.

एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी हेळसांड खपवून घेई. पण डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये ती हवी असेल तर ६०० डॉलर जादा. १९१४ मध्ये तेवढ्यात अख्खी मॉडेल टी यायची! अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या वीज कंपनीने तर १९१० पासून ट्रकवाल्यांच्या डोक्याचा हा तापच काढून घेतला. ट्रक मालकाचा, बॅटरी कंपनीची. उतरलेली द्यायची, भरलेली घ्यायची. ही सोय १९२४ पर्यंत चालली.

बंगळुरूची विजेवरची गाडी रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली तीही शिशावरच. सीटखालच्या आठ बॅटऱ्यांत पाणी घालणं आलंच.

लिथियमने हा सगळा कित्ता उलटा केला. या बॅटरीला काठोकाठ भरून ठेवणं सोसत नाही; त्यातून उन्हाळा असेल तर झीज आणखी वाढते. २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये म्हणूनच रोजच्या वापरासाठी एक आणि लांबच्या प्रवासासाठी दुसरी अशा चार्जिंगच्या वेगळ्या पद्धती होत्या. निसान लीफमध्येही ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय होती. पुढे जे झालं ते मोठं मासलेवाईक. अमेरिकी सरकारी चाचणीने २०१३ च्या लीफची मजल ठरवताना ८० टक्क्यांवरचे ६६ मैल आणि पूर्ण चार्जवरचे ८४ मैल यांची सरासरी काढून ७५ चा शिक्का मारला. पुढच्या वर्षी तिथल्या लीफमधून ८० टक्क्यांचं बटणच गेलं आणि जाहिरातीत ८४ मैल झळकले. बॅटरीच्या तब्येतीपेक्षा जाहिरातीतला आकडा वजनदार ठरला. याच लीफच्या बॅटऱ्या उन्हाने लवकर उतरल्याच्या तक्रारी २०१२ मध्ये ॲरिझोनातून आल्या होत्या.

लिथियममध्येच लोह-फॉस्फेटचे सेल आले आणि नियम पुन्हा फिरला. २०२१ मध्ये टेस्लाने अशा सेलच्या मॉडेल ३ मालकांना आठवड्यातून एकदा तरी १०० टक्के चार्ज करायला सांगितलं. या सेलचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतो, त्यामुळे किती चार्ज उरला याचा अंदाज गाडीच्या संगणकाला नीट येत नाही. तो काठावर गेल्यावरच जुळतो. टाटा नेक्सॉन ईव्हीतही लोह-फॉस्फेटचेच सेल असतात.