खाजणांतील गुरें आणि मासे



आमच्या आचऱ्यांत तीन-चार वर्षांनीं एकदां श्रीरामेश्वराचा कौल होतो आणि सारा गांव तीन दिवस, तीन रात्रीं वेशीबाहेर राहावयास जातो. यालाच गांवपळण म्हणतात. गाई-म्हशी, बैल, कोंबड्या, कुत्रीं, सारीं बरोबर निघतात. मागें राहतो तो पाण्यांतला मासा! लहानपणीं मला याचें मोठें नवल वाटे. पुढें शाळेंत इतिहास शिकवितांना उमजलें कीं, आमच्या पूर्वजांनीं माशाला पाळीव प्राण्यांत कधीं गणलेंच नाहीं. त्याच्या पोषणाची सोय मात्र त्यांनीं भाताच्या आणि गुरांच्या जोडीनें केली. त्या सोयीची हकीकत आज सांगावयाची आहे.

खाडीकांठच्या खारट, चिखलट जमिनीला आपण खाजण म्हणतों. बांध घालून भरती अडविली आणि पावसानें मीठ धुऊन नेलें, कीं तेथें भात येतें. या व्यवस्थेचें पूर्ण रूप पाहावयाचें तर तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यांत जावें. मासे तेच, पाऊसही तोच. परंतु तेथील गांवकरी संस्थांनीं, पोर्तुगीज येण्याच्या आधींपासून, बांधबंदिस्ती सामाईक राखली होती.

बाहेरचा बांध चिखलाचा व पेंढ्याचा, कोठें जांभ्या दगडाचा. त्यांत लांकडी दारांची मोरी, तिचें नांव मानस. भरती आली कीं पाण्याच्या दाबानेंच दारें मिटतात; ओहोटी लागली कीं आंतलें पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतें. ना पहारेकरी, ना यंत्र! मानशीच्या आंत खोल डोह असतो, त्याला पोंय म्हणतात. पावसाळ्यांत कोरगुट नांवाचें, खारें पाणी सोसणारें भात घेत. कापणीनंतर खाचरांत गुरें सोडीत. तीं धसकटें खात आणि शेण तेथेंच टाकीत. मग दारें उचलून भरती आंत घेत, तिजबरोबर कोळंबीचीं व माशांचीं पिलें येत. शेण व कुजलेलीं धसकटें यांमुळें पाण्यांत सूक्ष्म जीव वाढतात. त्यांवर कोळंबी, शेवटे, काळुंदर पोसतात आणि लहान माशांवर चोणक, ज्याला अलिबागेकडे जिताडा म्हणतात. ओहोटीस मानशीला जाळें लावीत. या मासेमारीचा हक्क लिलावानें दिला जाई आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी होई. मला या साऱ्यांत हा हिशेबच अधिक शहाणपणाचा वाटतो.

आमच्या घरीं दोन बैल व एक म्हैस होती. गोठ्याचें धुवण वडील चर काढून मळ्यांत सोडीत, आणि मिरगाच्या पहिल्या पावसांत चढणीचे मासे त्याच मळ्यांत येत. आईला अर्थात् तिखल्याचीच काळजी अधिक!

शास्त्रानें हा संबंध पुढें मोजून दाखविला. १० जुलै १९५७ रोजीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओडिशांत ग्रंथींचा अर्क टोचून कार्प माशांचें प्रजनन घडविलें, आणि गोड्या पाण्याच्या तळ्याला नदीच्या बीजावर विसंबण्याचें कारण उरलें नाहीं. एक हेक्टर तळ्यास पांच-सहा गुरांचें शेण पुरतें, असें तज्ज्ञ सांगतात. अधिक पडल्यास तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायू खातें आणि पहांटे मासे तोंडें वर काढून तडफडतात.

बांधांचें काय झालें? मुंबई प्रांतांत १९४८ सालीं खार जमिनींचा कायदा झाला. गोव्यांत १९६४ च्या कुळकायद्यानंतर खाजणें कुळांच्या संघांकडे गेलीं. भातापेक्षां कोळंबीला भाव आला, तेव्हां कोठें कोठें खारें पाणी मुद्दाम आंत ठेवूं लागले. भातही गेलें, गुरांचें चरणेंही. सर्वोच्च न्यायालयानें ११ डिसेंबर १९९६ रोजीं किनाऱ्यावरील व्यापारी कोळंबी प्रकल्प हटविण्याचा आदेश दिला, पारंपरिक पद्धतीला मात्र वगळलें. २००५ च्या कायद्यानें नोंदणीकृत प्रकल्पांना वाट पुन्हां मोकळी झाली.

उधाणाच्या रात्रीं वडील कंदील घेऊन बांधावर जात. शेजारचे चौघे सोबत असत. खेकड्यांनीं पाडलेलीं भोकें चिखलानें बुजवीत पहांट होई. त्या चौघांचीं मुलें आज मुंबईस आहेत. गोठा रिकामा आहे, बांध दोन जागीं फुटला आहे, आणि वडिलांच्या मळ्यांत भरतीचें पाणी येतें नि जातें.