खेप, पाळी आणि शेड्यूल

'शेड्यूल'चे मूळ लॅटिन 'स्केडुला', म्हणजे कागदाची चिठ्ठी. त्यामागे ग्रीक 'स्खिदे' असावे, म्हणजे चिरलेली ढलपी. आपला 'छिद्' धातू त्याचा भाऊबंद दिसतो. डेटाचे छेद करून ते शेकडो यंत्रांमध्ये पाठवायचे आणि कोणता केव्हा जाईल याचे शेड्यूल आखायचे, तर हे नाते चपखलच म्हणायचे!

मराठीत मात्र या शेड्यूलला 'पाळी' अधिक शोभते. संस्कृत 'पालि' म्हणजे कड, बांध, ओळ. कानाची पाळी त्यातलीच. पाली भाषेचे नावही 'ओळ, मूळ पाठ' या अर्थातून आले असावे. ओळीत उभे राहिले की क्रम येतो, क्रमातून वेळ. तशी गिरणीतली रातपाळी झाली. कन्नडातही 'पाळि' हाच अर्थ देते. जागेचा शब्द काळाकडे सरकला तो असा.

पाळी की वाटणी, हा प्रश्न यंत्रांना जोडणाऱ्या तारेवरही पडतोच. सेकंदाला 10 गिगाबिट वाहणारी एकच वाट आहे. एका कामाला 10 गिगाबिट न्यायचे आहेत, दुसऱ्याला 100. निम्मी निम्मी वाट दिली तर पहिले 2 सेकंदांत संपते, दुसरे 11 सेकंदांत. धाकट्याला आधी पाळी दिली तर पहिले 1 सेकंदात सुटते आणि दुसरे तरीही 11 सेकंदांतच! समान वाटणीने इथे कुणाचेच भले होत नाही.

पण एक काम म्हणजे एकच प्रवाह नव्हे. मॅपरिड्यूस ही मोठा डेटा अनेक यंत्रांवर वाटून हिशेब करण्याची पद्धत. तिच्या 'शफल' या टप्प्यात अनेक यंत्रे अनेकांना तुकडे पाठवतात आणि शेवटचा तुकडा पोचेपर्यंत काम अडून राहते. मोशरफ चौधुरी आणि आयन स्टोइका यांनी 2012 मध्ये अशा प्रवाहांच्या जुडग्याला 'कोफ्लो' म्हटले. (यातला 'फ्लो' आपल्या 'प्लु', 'प्लव' यांच्या कुळातला.) सुटे प्रवाह लवकर पोचवण्यापेक्षा अख्खे जुडगे लवकर पुरे करावे, हा त्यांचा आग्रह.

या जुडग्याला माझ्या मते 'खेप' म्हणावे. 'क्षिप्', फेकणे, यावरून 'क्षेप'. त्यातून एका वेळी वाहून न्यायचा भार, मग फेरी, आणि शेवटी 'या खेपेस' म्हणजे या वेळी. इथेही भाराचा काळ झाला, आणि 'खेप' जवळजवळ 'पाळी'च्या शेजारी येऊन बसली. डेटा आवळून पाठवतात तो 'संक्षेप'ही त्याच धातूचा.

वाचकांच्या भागात 'खेप' याहून वेगळ्या अर्थाने चालत असेल, तर जरूर कळवावे.